मायदेशी परतायचं ठरलंय? आधी तिथलं आवरा

परतणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष पुढे लागलेलं असतं. घर कुठे घ्यायचं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, नोकरी मिळेल का. या प्रश्नांची उत्तरं पोचल्यावरही शोधता येतात. धावपळ होते, इतकंच. खरी फजिती करतात ती मागे राहून गेलेली कामं. सोडून आलेल्या देशातलं एक साधं सही-शिक्क्याचं काम हजारो किलोमीटरवरून, तिकडच्या कार्यालयीन वेळेत, बंद झालेल्या फोन नंबरच्या भरवशावर करणं म्हणजे काय, हे मी भोगलंय. म्हणून पुढची सगळी आखणी एका प्रश्नाभोवती आहे: हे काम तिथून निघाल्यावर करता येईल का? येणार नसेल, तर ते आधी.

हाताशी वर्ष असेल तर निवांत जमतं. सहा महिन्यांतही होतं, पण मग रोज संध्याकाळी एक काम उरकावं लागतं.

पायरी १: परत का जायचं, हे लिहून काढा

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या, एकमेकांना न दाखवता. आपण का परततोय, कशावाचून आपलं अडेल, आणि काय घडलं तर पुन्हा बाहेर पडायचं. आमच्याकडे पहिलं उत्तर दोघांचं जवळपास सारखं निघालं. तिसऱ्यावर मात्र रात्री दीडपर्यंत बोलणं चाललं. हेच बोलणं पोचल्यानंतर, अर्धवट उघडलेल्या खोक्यांत बसून झालं असतं, तर त्याचं भांडण झालं असतं.

मग एकदा जाऊन या, पण पाहुणे म्हणून नको. तीन-चार आठवडे राहा, जमल्यास नातेवाइकांकडे न उतरता. गर्दीच्या वेळी कामाच्या भागात जाऊन या, एखादं सरकारी काम स्वतः रांगेत उभं राहून करा, भाड्याची दोन घरं बघा, तुम्हाला लागतो तो डॉक्टर शोधा. हवा सर्वांत वाईट असते त्या महिन्यात गेलात तर आणखी चांगलं.

आणि परतीचं दार किती काळ उघडं राहतं तेही पाहा. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल आणि वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल, तर री-एंट्री परमिट लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. विमानात बसल्यावर ही गोष्ट आठवून उपयोग नाही. ब्रिटनमधली कायम वास्तव्याची परवानगी सर्वसाधारणपणे सलग २ वर्षांहून जास्त बाहेर राहिलात की संपते. युरोपीय संघाचा दीर्घकालीन रहिवासी हा दर्जा संघाबाहेर सलग १२ महिने राहिल्यास जाऊ शकतो. तिथल्या नागरिकत्वाच्या अर्जाला चार-सहा महिनेच कमी पडत असतील, तर माझं मत विचाराल तर थांबा. फक्त मायदेश दुहेरी नागरिकत्व मानतो का, हे त्याआधी पक्कं करा.

पायरी २: तारीख चार कॅलेंडरांवर ठेवून बघा

एका कागदावर बारा महिने आडवे मांडा आणि खाली चार ओळी ओढा: शाळा, कर, नोकरी, घरभाडं. या चौघांची तोंडं बहुधा चार दिशांना असतात. शाळेचं वर्ष जपानमध्ये एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. करवर्ष अमेरिकेत जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनमध्ये ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियात १ जुलै ते ३० जून.

कराच्या ओळीत १८३ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. वर्षात इतके दिवस राहिलात की रहिवासी, असा ढोबळ समज. बऱ्याच देशांत तो एक निकष आहे खरा, पण एकमेव नाही. घर, कुटुंब, मागच्या वर्षांतलं वास्तव्य असंही पाहिलं जातं, आणि निघण्याच्या वर्षी दोन्ही देश तुम्हाला आपला रहिवासी म्हणू शकतात. अशा वेळी त्या दोन देशांतला दुहेरी कर टाळण्याचा करार कामाला येतो. यातले बहुतेक करार ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात आणि त्यात क्रम ठरलेला असतो: कायमचं घर कुठे, तेवढ्यावर ठरलं नाही तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट, मग नेहमीचं राहणं कुठे, शेवटी नागरिकत्व कुठलं. म्हणून ‘भाड्याने देऊ पुढे कधीतरी’ असं म्हणून तिथलं घर रिकामं ठेवून जाणं कराच्या दृष्टीने महागात पडू शकतं. अमेरिकेचं गणित तर आणखी वेगळं. ती आपल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना जगात कुठेही राहिले तरी करकक्षेत धरते.

नोकरीच्या ओळीत बोनसची तारीख, शेअर हातात येण्याची तारीख आणि नोटिशीचा काळ लिहा. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या ५ वर्षांत दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते आणि त्यापुढच्या वर्षांना ३० दिवसांची, पण सलग एक वर्ष भरलेलं असावं लागतं. अशा ठिकाणी दोन आठवड्यांची घाई नुकसानीची ठरते.

चारही ओळी जुळत नाहीतच. मूल दहा-अकराच्या वर असेल तर मी शाळेच्या ओळीला झुकतं माप देईन. त्याहून लहान असेल तर कराच्या.

पायरी ३: कागदांची पिशवी

बाहेरच्या देशातले कागद मायदेशी चालायला त्यांच्यावर एक वेगळं प्रमाणपत्र लागतं. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आलेला अपोस्टील हा त्यासाठीचा सोपा मार्ग. १२० हून जास्त देश या करारात आहेत. चीनमध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जे देश बाहेर आहेत तिथे आधी त्यांचं परराष्ट्र खातं, मग आपला दूतावास अशी साखळी. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: ज्या देशाने कागद दिला, अपोस्टीलही तोच देश देतो. तिथे जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर मायदेशातलं कोणतंही कार्यालय तो शिक्का मारू शकत नाही. त्यामुळे जन्मदाखले, विवाहनोंदणी, तिथली पदवी आणि पोलिसांकडचा चारित्र्यदाखला हे निघण्यापूर्वी करून घ्या. पोलीस दाखला मात्र फार लवकर काढू नका, मागणारे लोक तो ताजा मागतात.

याखेरीज कुणी सांगत नाही असे काही कागद आहेत. गाडीच्या विमा कंपनीकडून ‘इतकी वर्षं दावा केला नाही’ असं पत्र. नुसते रिपोर्ट नव्हे, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल. लसीकरणाची पूर्ण नोंद, लशीच्या नावासकट. घरमालकाचं पत्र. जितकी वर्षं कर भरला त्या प्रत्येक वर्षाचं विवरणपत्र. अनुभवाच्या पत्रात पदाबरोबर कामाचं स्वरूप आणि तारखा असाव्यात. नुसतं ‘अमुक काळ आमच्याकडे होते’ असं लिहिलेलं पत्र कुणाच्या कामाचं नसतं.

मूळ कागदांची पिशवी हातातल्या सामानात जाते. बोटीने नाही, चेक-इन बॅगेतही नाही.

पायरी ४: पैसे आणि पेन्शन

पगारातून कापली गेलेली पेन्शनची रक्कम हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. ‘थोडीशीच असेल’ म्हणून लोक सोडून देतात. जपान सोडल्यावर परदेशी कामगाराला भरलेल्या हप्त्यांपोटी एकरकमी परतावा मागता येतो, पण २ वर्षांच्या आत. जर्मनीत ६० महिन्यांपेक्षा कमी काळ हप्ते भरलेल्या युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला साधारणपणे परतावा मिळू शकतो, पण देश सोडून २४ महिने झाल्यावर. म्हणजे एकीकडे दोन वर्षांत मागायचं, दुसरीकडे दोन वर्षं थांबायचं. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर काम केलेल्यांना व्हिसा संपून देश सोडल्यावर सुपरअॅन्युएशन, म्हणजे तिथला निवृत्तिनिधी, काढता येतो, त्यावर कर कापून. अमेरिकेत ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी पैसे काढले तर बहुतेक वेळा करावर आणखी १० टक्के दंड बसतो, तेव्हा नुसतं परततोय म्हणून ते मोडू नका.

पैसे काढण्याआधी आणखी एक चौकशी करा: त्या देशाचा आणि मायदेशाचा सामाजिक सुरक्षा करार आहे का? असेल तर दोन्हीकडची कामाची वर्षं एकत्र धरून पेन्शनची पात्रता ठरू शकते. अमेरिकेत निवृत्तिवेतनाला ४० क्रेडिट, म्हणजे सुमारे १० वर्षांचं काम लागतं. आठ वर्षं भरलेल्या माणसाला असा करार खूप काही देऊन जातो, आणि जपान-जर्मनीसारख्या ठिकाणी एकरकमी परतावा घेतला की तिथली वर्षं पुसली जातात.

मोठी रक्कम पाठवताना ‘शुल्क शून्य’ या शब्दांना भुलू नका. बाजारातला मधला दर आणि तुम्हाला देऊ केलेला दर यांतला फरक हेच खरं शुल्क. २०,००० वर दीड टक्क्याचा फरक म्हणजे ३०० गेले. दर वर जाईल की खाली हे मला कधी कळलं नाही, म्हणून मी तीन-चार हप्त्यांत पाठवले.

तिथलं खातं लपून राहील अशी आशाही नको. ओईसीडीच्या सामायिक अहवाल व्यवस्थेखाली २०१७ पासून देश एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप देतात आणि शंभराहून जास्त प्रदेश त्यात आहेत. बँकेला आपला करनिवास बदलल्याचं आपणहून कळवा.

पायरी ५: सामान

इथे भावना आणि घनमीटर यांची गाठ पडते. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर असते. सामान वेडंवाकडं असल्याने त्यातली पाच-सहा घनमीटर वायाच जाते. सामान त्याहून बरंच कमी असेल तर दुसऱ्यांबरोबर कंटेनर वाटून घेता येतो, आणि तिथे पैसे घनमीटरवर लागतात. विमानाने पाठवायचं तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्यावर पैसे घेतात. ६० × ५० × ४० चं खोकं म्हणजे २० किलो, आत उशा भरल्या तरी.

विजेची उपकरणं न्यायची की नाही हे मागची पट्टी वाचून ठरतं. ‘इनपुट १००–२४०’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. १२० व्होल्टचा मिक्सर किंवा मायक्रोवेव्ह २३० व्होल्टच्या देशात न्यायचा तर जडशीळ ट्रान्सफॉर्मर लागतो, शिवाय ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचे ५० करत नाही. मोटर आणि घड्याळ त्यामुळे बिनसतात. ही उपकरणं तिथेच विका.

लाकडी पेटी किंवा पॅलेट वापरणार असाल तर त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का बघून घ्या. लाकडातली कीड देशोदेशी पसरू नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवल्याची किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केल्याची ती खूण असते. शिक्का नसलेली पेटी बंदरावर अडकू शकते.

आता विमा. स्वतः भरलेल्या खोक्यांना बहुतेक विमा कंपन्या ‘मालकाने भरलेलं’ असं लावतात आणि आतला एखादा कप फुटला तर भरपाई देत नाहीत. अख्खं खोकं हरवलं तरच. म्हणून काचेच्या वस्तू कंपनीच्या माणसांकडून भरून घ्या, पुस्तकं आणि कपडे स्वतः भरा. विमा नकोच असं वाटत असेल तर ‘एव्हर गिव्हन’ आठवा. मार्च २०२१ मध्ये २३ ते २९ तारखेपर्यंत ते जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं. सुटल्यावर जहाजाच्या मालकाने ‘जनरल अॅव्हरेज’ जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च त्यावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी वाटून घ्यायचा, आपला माल सुखरूप असला तरीही. विमा नसलेल्याला आपला वाटा किंवा हमी भरल्याशिवाय सामान ताब्यात मिळत नाही. समुद्री व्यापारातला हा फार जुना नियम घरातल्या सोफ्यालाही लागू होतो.

खोक्यांची यादी करताना आळस केला तर काय होतं ते सांगतो. आमचं १७ नंबरचं खोकं. यादीत त्याच्यापुढे ‘इतर’ एवढंच. शेवटच्या रात्री टेबलावर जे उरलं होतं ते सगळं त्यात गेलं: लॅपटॉपचा जादा चार्जर, माझा जुना चष्मा, मुलीच्या दातांच्या क्लिपची डबी आणि मायदेशातल्या कपाटाची किल्ली. खोकं बोटीवर गेलं. कपाट अडीच महिने बंद राहिलं. यादीत ‘इतर’ हा शब्द येऊ देऊ नका. त्याच यादीवरून कस्टम आणि विमा दोन्ही चालतात.

बरेच देश परतणाऱ्याच्या वापरलेल्या सामानाला आयातशुल्कात सवलत देतात, पण अटींवर. युरोपीय संघाची पद्धत नमुन्यादाखल: किमान १२ महिने संघाबाहेर वास्तव्य, वस्तू किमान ६ महिने वापरलेली, परतल्यापासून १२ महिन्यांत आणलेली आणि पुढचे १२ महिने न विकलेली. आपल्या देशाचे आकडे असेच धरून चालू नका, पण प्रश्न हेच विचारा. आणि निघण्याच्या तोंडावर नवीन टीव्ही घेऊ नका.

लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॅट-अवर. पॉवर बँकेचे मिलीअँपिअर-अवर भागिले १००० गुणिले ३.७ केलं की आकडा मिळतो. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४, चालते.

पायरी ६: प्राणी, औषधं, विम्याची फट

कुत्रा-मांजर असेल तर वर्षभर आधीच सुरुवात. आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर लस मोजली जात नाही. अनेक ठिकाणी रक्तातली प्रतिपिंडं ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर किंवा जास्त असल्याची चाचणी लागते, आणि जपानसारख्या देशात रेबीज असलेल्या प्रदेशातून येताना रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं.

औषधांची चिठ्ठी मूळ रसायनाच्या नावाने लिहून घ्या, कंपनीच्या नावाने नव्हे. झोपेची, तीव्र वेदनांची आणि एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची) औषधं देशागणिक नियंत्रित असतात. अँफेटामाइन असलेली गोळी जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी असूनही नेता येत नाही.

नोकरीतला आरोग्य विमा बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दिवशी किंवा त्या महिन्याअखेर संपतो. मायदेशातल्या विम्यात जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असू शकतो. मधली फट प्रवासविम्याने भरा, आणि मायदेशातली पॉलिसी राहायला जाण्याआधी घेता येते का ते विचारा.

पायरी ७: मुलं

मोठ्यांसाठी हे परतणं असतं. तिथेच वाढलेल्या मुलासाठी ते सरळ स्थलांतर आहे. त्याला ‘आपण घरी चाललोय’ असं सांगू नका. त्याचं घर तुम्ही मोडताय. शाळेतून गुणपत्रकांबरोबर अभ्यासक्रमाचा आराखडा आणि वर्गशिक्षकांचं पत्र घ्या. घरी जी भाषा तो बोलतो ती तो लिहू शकतो का, ते सहा महिने आधी तपासा; बोलणं आणि लिहिणं यांतली दरी आम्हाला पहिल्या चाचणीत दिसली. आणि निरोपाला वेळ द्या. आमच्या मुलीने शेवटच्या शनिवारी मैत्रिणींबरोबर बागेतल्या त्याच बाकावर दोन तास नुसतं बसायचं ठरवलं होतं. सामानाच्या गडबडीत आम्ही तो शनिवार रद्द करायला निघालो होतो.

पायरी ८: शेवटचे पंधरा दिवस

या दिवसांत फक्त आवराआवर. मीटरच्या रीडिंगचे फोटो, रिकाम्या घराचा खोलीवार व्हिडिओ, टपाल वळवण्याचा अर्ज. गाडी विकली की नाव बदलल्याची पावती हातात घेऊनच किल्ली द्या, नाहीतर दुसऱ्याच्या दंडाच्या नोटिसा तुमच्या नावाने निघतील. जर्मनीसारख्या देशात राहण्याची नोंद रद्द करावी लागते, घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून ते नंतरच्या दोन आठवड्यांत. तो रद्द झाल्याचा कागद पुढे फोन, इंटरनेट आणि विम्याचे करार मोडायला उपयोगी पडतो.

आता माझी फजिती. निघायच्या दिवशी मी मोठ्या शिस्तीने फोनचं कनेक्शन बंद केलं. पाच आठवड्यांनी घराची अनामत बँकेत जमा झाली. ती पाठवायला लॉगिन केलं, बँकेने ओटीपी पाठवला, बंद नंबरवर. नंबर बदलायला ओटीपी हवा, तोही त्याच नंबरवर. नाहीतर ओळखपत्र घेऊन शाखेत या. शेवटी वकिलातीत सही साक्षांकित करून टपालाने अर्ज पाठवला आणि चार महिन्यांनी पैसे मिळाले. तेव्हा तिथला नंबर सगळ्यात स्वस्त योजनेवर किमान वर्षभर जिवंत ठेवा, तो परदेशात मेसेज घेतो का ते निघण्याआधी बघा, आणि जिथे जमेल तिथे मेसेजच्या ओटीपीऐवजी फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अॅप लावा. ऑफिसच्या ईमेलवर काही जोडलेलं असेल तर आजच सोडवा.

पायरी ९: पोचल्यावर

पहिल्या तीन महिन्यांत घर, गाडी असं काही मोठं विकत घेऊ नका. भाड्याने राहा, फिरा.

चिडचिड होईल. नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परदेशात रुळण्याचा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असल्याचं मांडलं. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने परतल्यावर तसाच दुसरा खड्डा येतो हे जोडून त्याचा ‘डब्ल्यू’ केला. दुसरा खड्डा जास्त बोचतो, कारण तिकडे जाताना वेगळेपणाची तयारी असते आणि परतताना ती नसते. तुमच्या परदेशातल्या वर्षांत कुणालाही दोन मिनिटांपलीकडे रस नसतो. तेही ठीकच, त्यांचीही तितकीच वर्षं इथे गेलेली असतात. परतलेल्या दोन-तीन माणसांशी ओळख ठेवा. तक्रारी तिथे करा, घरच्यांसमोर नको.

नोकरी शोधताना तिथल्या पदनामांऐवजी कामाचा आवाका लिहा: किती माणसं, किती मोठं काम, काय बदललं.

आणि तिथलं एक खातं चालू ठेवा. निघाल्याच्या वर्षाचं करविवरण पुढच्या वर्षी भरायचं असतं, त्याचा परतावा, विजेचे जादा भरलेले पैसे आणि पेन्शनची रक्कम त्याच खात्यात येणार असते. शेवटचं येणं आलं की खात्यातली शिल्लक शून्य करा, खातं बंद झाल्याचं पत्र लेखी मागवा, ते कागदांच्या पिशवीत ठेवा आणि मग तिथला फोन नंबर बंद करा.